आपली लाल यादी करायची, तर वहीत 'दिसलं नाही' हेही लिहा

माळचिमणी | शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहितेच.

करमाळ्याकडच्या एका माळावर मी गेली अकरा वर्षं दर पंधरवड्याला पहाटे चालते. वाट ठरलेली आहे. ओढ्याकाठच्या मोठ्या बाभळीपासून जुन्या पाझर तलावापर्यंत, साधारण चार किलोमीटर. सोबत दोनशे पानी वही आणि दुर्बीण. पहिली तीन वर्षं मी जे दिसलं तेवढंच लिहायचे. चौथ्या वर्षी वही चाळताना लक्षात आलं की धाविक पक्ष्याच्या नोंदी मध्येच थांबल्यात. पण थांबल्यात म्हणजे काय? पक्षी गेले? की त्या दिवशी मीच गेले नव्हते? की गेले, पाहिलं आणि लिहायचं राहिलं? वही उलटीपालटी केली, उत्तर मिळालं नाही. तीन वर्षांच्या पहाटा आणि त्यातून एवढा साधा प्रश्न सुटेना, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी पानावर बारा नावं आधीच आखून ठेवते. लांडगा, खोकड, कोल्हा, काळवीट, ससा, माळढोक, तणमोर, धाविक, माळटिटवी वगैरे. निघण्याची आणि परतण्याची वेळ. दिसला तर आकडा, नाही तर शून्य. माळढोकापुढे आठ वर्षं शून्यच आहे. धाविकापुढे कधी दोन, कधी पाच, आणि गेल्या दीड वर्षात शून्य.

हे आज लिहायचं कारण असं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत आययूसीएनचं, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेचं अधिवेशन झालं. तिथे भारताने २०२५ ते २०३० या काळात स्वतःची राष्ट्रीय लाल यादी, म्हणजे कुठल्या प्रजातीला किती धोका आहे ते सांगणारी यादी, करण्याचा आराखडा मांडला. सुमारे ११,००० प्रजातींचं मूल्यमापन, त्यात ७,००० वनस्पती आणि ४,००० प्राणी. म्हणजे आपल्या प्राण्यांचा दर्जा आता आपल्या भूमीवरच्या परिस्थितीवरून ठरवायचं काम सुरू होतंय. ते नीट व्हायचं तर नोंदी लागतील, आणि त्या राजधानीत बसून तयार होणार नाहीत.

जागतिक यादी आपल्या माळाला पुरत नाही, हे मी रोज बघते. करडा लांडगा ही प्रजाती जगभराचा विचार करून 'किमान चिंता' या गटात आहे, कारण कॅनडा, रशियात ते भरपूर आहेत. पण आमच्या माळावरचा लांडगा त्या लांडग्यांपासून फार फार पूर्वी वेगळा झालेला आहे. २०२१ च्या जनुकीय अभ्यासात भारतीय लांडग्याची शाखा अतिशय प्राचीन असल्याचं दिसून आलं. इथली शेवटची जोडी गेली तर सायबेरियातून कोणी तिची जागा घ्यायला येणार नाही.

तर माझी विनंती. तुमच्यापैकी कोणाकडे एखाद्या ठरावीक जागेच्या, पाच वर्षांपेक्षा जुन्या नोंदी आहेत का? आणि त्यात 'दिसलं नाही' असं लिहिलेलं आहे का?

---

पायवाट_७ | शनिवार, सकाळी १०:०२

ताई, छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न विचारतो. वाघ तर वाढतायत ना? आपल्या राज्यात २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२ आणि २०२२ ला ४४४. तरी यादीत तो 'संकटग्रस्त'च. मग ही यादी अद्ययावत होते म्हणजे नक्की काय होतं?

---

सह्यवाट | शनिवार, दुपारी १२:३५

पायवाट, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. मी काही वर्षं अशा मूल्यमापनाच्या कामात मदत केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आययूसीएनची लाल यादी १९६४ पासून आहे. तिच्यातले गट वाढत्या धोक्याने असे: किमान चिंता, संकटासमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. एखादी प्रजाती कुठल्या गटात बसते ते पाच निकषांवर ठरतं. ढोबळपणे, संख्या किती वेगाने घटली, पसारा किती लहान आहे आणि तो तुटतोय का, संख्या कमी असून अजून घटतेय का, संख्या मुळातच फार कमी आहे का, आणि नामशेष होण्याची गणिताने काढलेली शक्यता किती. यातल्या कुठल्याही एका निकषात बसली तरी पुरे, आणि जो सर्वात गंभीर निघेल तो गट मिळतो.

वाघाचं म्हणाल तर २०२२ च्या जागतिक मूल्यमापनात जंगली वाघांचा अंदाज ३,७२६ ते ५,५७८ असा होता आणि गट 'संकटग्रस्त' राहिला. घट मोजायची ती दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल त्यात. वाघाच्या तीन पिढ्या मागे गेलं की गमावलेला मुलूख डोळ्यांसमोर येतो. शेवटच्या दोन गणनांमधली वाढ खरी आहे, पण ती त्या घटीला भरून काढत नाही.

आणखी एक नियम फार लोकांना ठाऊक नसतो. प्रजातीला वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या गटात न्यायचं असेल तर पुरावा हाती येताच न्यायचं. खाली आणायचं असेल तर मात्र त्या गटाचे निकष सलग पाच वर्षं लागू होत नसले पाहिजेत. एखाद्या चांगल्या पावसाळ्याने हुरळून जाऊ नये म्हणून ही सोय.

आता प्रादेशिक यादी. तिचे नियम पहिल्यांदा २००३ मध्ये आले. ती दोन टप्प्यांत होते. आधी फक्त आपल्या हद्दीतल्या प्राण्यांना तेच निकष लावायचे. मग विचारायचं, शेजारून प्राणी येऊन इथली तूट भरून काढू शकतात का? येऊ शकत असतील तर धोका एक पायरी कमी धरायचा. उलट, इथली संख्या केवळ बाहेरून येणाऱ्यांवर तगून असेल आणि ते येणंच थांबत असेल, तर एक पायरी जास्त.

यातली गोम बघा. ४४४ मधले अजून वयात न आलेले वाघ वगळून वीणक्षम प्रौढ किती, हे आधी काढावं लागेल, कारण निकष प्रौढांवर आहेत. हजारांच्या आत प्रौढ म्हणजे 'असुरक्षित', अडीचशेच्या आत म्हणजे 'संकटग्रस्त'. मग प्रश्न येतो शेजाऱ्यांचा. मध्य प्रदेशात त्याच गणनेत ७८५ वाघ होते. मेळघाट सातपुड्याला, पेंच कान्ह्याला जोडलेलं आहे. म्हणजे आपल्या वाघाचा दर्जा काही अंशी त्या मधल्या जंगलपट्ट्यांवर, तिथल्या रस्त्यांवर आणि कालव्यांवर ठरतो. एका प्राण्याचा दर्जा लिहिताना दोन जंगलांमधली वाटही तपासावी लागते, हे मला या कामातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

---

दादर_ज्वारी | शनिवार, रात्री ८:५०

माळचिमणी ताई, मी तुमच्याच भागातला शेतकरी आहे. राग मानू नका, पण यादी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो.

१९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, तिकडे नगरचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, उसाचे फड आले. पक्षी होता थोड्या गायरानांवर आणि बंधन आलं सगळ्यांच्या जमिनीवर. माझ्या वडिलांना थोरल्या बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायची होती. कचेरीत तीन वर्षं हेलपाटे घातले. शेवटी सावकाराकडून पैसे घेतले. आमच्या घरात माळढोक हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा, हे खरं सांगतो. मी लहानपणी पक्षी दोनदा पाहिलाय. एवढा मोठा, मान ताठ, संथ चालणारा. पाहिलं तरी घरी सांगायची सोय नव्हती.

पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर पक्षी गेला आणि लोकांचं मनही गेलं.

म्हणून विचारतो. आता नवीन यादी होणार, लांडगा तिच्यात वर जाणार. मग परत आमच्या उताऱ्यावर काही येणार का?

---

सह्यवाट | शनिवार, रात्री १०:१५

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सर्वात रास्त प्रश्न आहे.

लाल यादी हा कायदा नाही. तिच्यात नाव आलं म्हणून कोणाच्या सात-बाऱ्यावर शेरा पडत नाही. ती प्राण्याची तब्येत सांगते, एवढंच. बंधनं येतात ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि त्या कायद्याच्या स्वतःच्या अनुसूची आहेत. २०२२ च्या दुरुस्तीत त्या सहाच्या चार झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण, दुसरीत त्याहून कमी, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या प्रजातींची. काळवीट जागतिक लाल यादीत 'किमान चिंता' आहे, पण आपल्या कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तुमच्या भागात जे झालं ते पक्ष्याच्या दर्जामुळे झालं नाही. आययूसीएनने माळढोकाला 'अतिसंकटग्रस्त' केलं ते २०११ मध्ये, अभयारण्यानंतर बत्तीस वर्षांनी. तुमच्याकडे चूक झाली ती नकाशाची. पक्षी नेमका कुठे चरतो, कुठे अंडं घालतो, कुठे कधीच जात नाही, हे माहीत असतं तर रेघ एवढी मोठी मारावी लागली नसती. माळचिमणी म्हणतात ती शून्यं शेतकऱ्याच्याही कामाची आहेत, असं मला मनापासून वाटतं. जिथे प्राणी नाही तिथे तो नाही, हे लिहून ठेवलेलं असेल तर तिथे रेघ मारताना कोणीतरी थांबेल.

---

दादर_ज्वारी | रविवार, सकाळी ६:३०

हे असं आजवर कोणी समजावून सांगितलं नव्हतं. विचार करतो.

---

बेडूकमित्र | रविवार, सकाळी ११:२०

माळचिमणी, कळकळ पोचली. पण शून्याबद्दल मला हरकत घ्यायची आहे.

मी आंबोलीला पावसाळ्यात जातो. तिथला आंबोली टोड २००९ मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदला गेला. अंगठ्याच्या पेराएवढा, कुशीवर पिवळसर पट्टे. पहिल्या पावसात कातळावर बोटभर पाणी साचतं, त्या डबक्यात त्याचं सगळं गोकुळ असतं. तुम्ही मे महिन्यात त्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, दहा फेऱ्या मारा, दहा शून्यं मिळतील. त्यांचा अर्थ काहीच नाही. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पडून गेल्यावर, रात्री, गुडघ्यावर बसून बॅटरी धरलीत आणि तरी शून्य आलं, तर त्या शून्याला किंमत आहे.

देवगांडुळाचं तर विचारूच नका. तो बेडकासारखाच उभयचर, पण जमिनीखाली राहतो, पाय नसतात, लोक गांडूळ किंवा साप समजून मारतात. त्याच्या कितीतरी प्रजाती 'अपुरी माहिती' या गटात पडून आहेत. 'अपुरी माहिती' म्हणजे सुरक्षित, असा समज पसरलाय आणि तो घातक आहे. २०२३ मध्ये जगभरच्या ८,०११ उभयचर प्रजातींचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं, त्यात जवळपास ४१ टक्के प्रजाती धोक्यात निघाल्या. पृष्ठवंशी प्राण्यांत याहून वाईट अवस्था कोणत्याच वर्गाची नाही. आणि आपल्याकडे अजूनही लाल यादी म्हटलं की वाघ-बिबट्यावर चर्चा सुरू होते.

तेव्हा शून्य लिहा, पण सोबत ऋतू, वेळ, पाऊस, किती जण होते, किती वेळ शोधलं हे सगळं लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी तुमची वही दाखवून म्हणेल, इथे काहीच नाही, टाका खाण.

---

माळचिमणी | रविवार, दुपारी १:०५

बेडूकमित्र, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अगदी हेच होतं. गवताळ माळाला सरकारी नकाशात 'पडीक जमीन' म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावा, पॅनेल बसवा, काहीही करा. माझ्या वाटेच्या मधल्या टप्प्यावर गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली. हेतू चांगला होता, हिरवळ दिसते, लोक खूश झाले. पण धाविकाला उघडी, दगडगोट्यांची, आखूड गवताची जमीन लागते. तो उघड्यावर पळतो, थांबतो, किडा टिपतो, परत पळतो. सावली पडली की तो उठून जातो. माझ्या वहीत लागवडीच्या दुसऱ्या वर्षापासून त्या टप्प्यावर शून्य आहे, तर पुढच्या टप्प्यावर, जिथे अजून कुसळी आणि पवन्याचं गवत आहे, तिथे आणखी दोन वर्षं तो दिसत राहिला. एकट्या शून्याने हे कळलं नसतं. दोन टप्प्यांचे आकडे शेजारी ठेवले म्हणून कळलं.

तुमचं म्हणणं मान्य. मी वेळ लिहिते, पण वारा, ढग आणि सोबत किती माणसं होती ते लिहीत नव्हते. या पंधरवड्यापासून ते रकाने वाढवते.

---

सातपुडा_सावली | रविवार, रात्री ९:४०

नोंदींची किंमत काय असते ते रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून सांगते. आमच्या शहाद्याचा पक्षी म्हणून मला त्याचा जरा जास्तच लळा आहे.

१८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीचा एकही पुरावा नव्हता. फक्त एक नमुना होता, १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला असं त्यावर लिहिलेलं. लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलतीकडेच शोध घेत राहिले. पुढे निघालं असं, की रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला एक जुना नमुना चोरून, त्याला नवीन रूप देऊन, खोटी जागा आणि खोटी तारीख चिकटवली होती. एक खोटी चिठ्ठी आणि कित्येक वर्षांची शोधाशोध वाया. त्या फसवणुकीचा छडा लावणाऱ्यांपैकी पामेला रासमुसेन यांनी बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत खऱ्या जुन्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी.

त्यानंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही सापडला, आणि २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा खाली आला. आता मुद्दा नीट घ्या. दर्जा उतरला तो पक्षी वाढले म्हणून नव्हे, आपली माहिती वाढली म्हणून. तो आधीही तिथे होताच, कोणी पाहिला नव्हता. यादी बदलली की बातमीत 'संख्या सुधारली' असं छापून येतं, तेव्हा मला चुटपुट लागते. सागाची तोड आणि वनजमिनीवरचं अतिक्रमण तसंच चालू आहे.

---

पायवाट_७ | सोमवार, सकाळी ८:१५

बापरे, ही चिठ्ठीची गोष्ट माहीतच नव्हती. म्हणजे दर्जा बदलण्याची कारणंही दोन तऱ्हेची, एक खरा बदल आणि दुसरा माहितीतला बदल?

---

सह्यवाट | सोमवार, सकाळी ९:३०

अगदी बरोबर. लाल यादीत प्रत्येक बदलासोबत ते कारण नोंदवलेलंच असतं, फक्त कोणी उघडून बघत नाही. खऱ्या बदलाचं सर्वात भयंकर उदाहरण आपल्याच आकाशातलं आहे, गिधाडांचं.

---

कड्यावरचा | सोमवार, दुपारी ३:४५

गिधाडांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी रायगडकडचा.

लहानपणी ढोर मेलं की गावकुसाबाहेर नेऊन टाकायचे आणि तासाभरात आकाश भरायचं. पांढऱ्या पाठीचं गिधाड भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के घटलं. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं मिळून सुमारे ९७ टक्के. २००० साली यांना 'अतिसंकटग्रस्त' केलं तेव्हा कारणही कळलेलं नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून डायक्लोफिनॅक पुढे आलं. गुरांना दुखण्यावर टोचायचं औषध, ते मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुप्या तीन मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडाला चालतं, हे आपल्या गुरांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दर्जा बदलून पक्षी वाचला नाही, हे खरं. पण दर्जा बदलला म्हणून कारण शोधायला माणसं धावली, हेही खरं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. आमच्याकडे म्हसळ्याच्या बाजूला झाडावरची घरटी मोजणारी पोरं आहेत, दर हंगामात मोजतात. एक घरटं रिकामं दिसलं की गप्प होऊन परत येतात.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री १०:३०

एक काळजीचा मुद्दा. नोंदी द्या म्हणताय, पण जागा जाहीर करू नका हेही सांगा. आमच्या चिपळूण-संगमेश्वर भागात खवले मांजर आहे. २००८ च्या यादीत ते 'संकटासमीप' होतं, २०१४ मध्ये थेट 'संकटग्रस्त' झालं. २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला. तरी खवल्यांसाठी चोरी थांबलेली नाही. गेल्या वर्षी एका मुलाने बिळाचा फोटो गावाच्या नावासकट समूहात टाकला, चार दिवसांत अनोळखी गाडी फिरायला लागली. गावकऱ्यांनी रात्रभर जागून पहारा दिला.

आय-नॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही संवेदनशील पक्ष्यांची जागा झाकतात. व्हॉट्सॲपवर असं काहीच नाही. म्हणून खवले मांजर, रानपिंगळा, कुठल्याही शिकारी पक्ष्याचं घरटं, यांची जागा धाग्यावर लिहूच नये. फोटोमागचा डोंगरसुद्धा ओळखू येतो.

---

माळचिमणी | मंगळवार, सकाळी ७:००

खाडीकाठ, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. सगळ्यांना विनंती, जागा जाहीर करू नका. तालुका पुरे.

ईबर्डचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे यादी भरून झाली की एक प्रश्न येतो, तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का? पुष्कळजण न वाचताच पुढे जातात. पण खरी मेख तिथेच आहे. 'हो' म्हटलं की जे नाव यादीत नाही ते त्या तासात आढळलं नाही, असं धरता येतं. अशा नोंदींवर 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ चा अहवाल उभा राहिला. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षक, तीन कोटी नोंदी, ९४२ प्रजाती. दीर्घकाळाचा कल ज्या ३३८ प्रजातींचा काढता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्याचं दिसलं. तारेवर बसलेला नीलपंख आपल्याला इतका ओळखीचा, जगाच्या यादीत तो 'किमान चिंता' होता. पण अहवालाने त्याची तीस टक्क्यांहून जास्त घट दाखवली आणि त्याचं फेरमूल्यमापन करा अशी शिफारस केली. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या पक्ष्याची घट सामान्य माणसांच्या वह्यांमधून कळली.

खोकड, लांडगा, ससा, साळिंदर यांच्यासाठी आपल्याकडे असं काही जमलेलं नाही. गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत, २००२ च्या जैवविविधता कायद्याने समित्याही आहेत. मी तीन गावांच्या नोंदवह्या पाहिल्या. प्राण्यांची नावं आहेत, शेजारी 'पूर्वी होते, आता कमी' एवढंच. पूर्वी म्हणजे कधी? कमी म्हणजे किती? त्या रकान्यात साल लिहिलं असतं, शेवटचं कोणी कुठे पाहिलं ते लिहिलं असतं, तर आज राष्ट्रीय यादीच्या कामाला केवढा आधार झाला असता.

---

सह्यवाट | मंगळवार, दुपारी १२:५०

त्यातच भर घालतो. एखादा प्राणी 'प्रदेशातून नामशेष' असं लिहायला फार मोठा पुरावा लागतो. योग्य ऋतूत, योग्य अधिवासात, कसून शोध घेऊनही तो सापडला नाही आणि शेवटचा जीव गेला यात वाजवी शंका उरली नाही, तरच. घाईने लिहिलं तर लोक शोधणं आणि राखणं सोडून देतात, आणि कुठेतरी उरलेली जोडी त्या दुर्लक्षानेच जाते. तणमोराचंच बघा. २०२१ मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' झाला. तो पावसाळ्यात गवतातून उडी मारतो तेव्हाच नर दिसतो, एरवी शेजारून गेलात तरी कळत नाही. अकोला-वाशीमच्या पट्ट्यात सोयाबीनच्या शेतात काम करणाऱ्या माणसाला तो आधी दिसेल, अभ्यासकाला नंतर.

दादर_ज्वारी दादा, म्हणून तुमच्यासारख्यांनी गप्प बसू नये. माळढोक तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

---

दादर_ज्वारी | मंगळवार, रात्री ९:२०

साल सांगता येत नाही, पण खूण सांगतो. आमच्या विहिरीचं दुसरं काम चालू होतं आणि धाकटी बहीण चौथीत होती. म्हणजे १९९४ चा पावसाळा असावा, पोळ्याच्या आधी.

आज संध्याकाळी वाडा टाकलेल्या धनगर मामांशी बोललो. त्यांची मेंढरं दरवर्षी आमच्या माळावर येतात. विचारलं, लांडगा किती वर्षांत पडला नाही? ते म्हणाले, लांडगा रात्री वाघरीपाशी (मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी) येतो, कुत्री सांगतात, पण गेल्या दोन सालांत कुत्री त्या तालात भुंकली नाहीत. आधी दर मुक्कामाला एखादं कोकरू जायचं. मी विचारलं, बरं झालं की. तर गप्प राहिले आणि म्हणाले, लांडगा होता तोवर माळ आमचा होता, आता तारा ठोकल्यात.

हे तुमच्या वहीत बसतं का, ताई?

---

माळचिमणी | मंगळवार, रात्री ९:४५

बसतं. मामांचा मुक्काम किती दिवसांचा, कुठल्या महिन्यात आणि कुत्री किती, एवढं विचाराल का? दोन सालांत मिळून किती रात्री त्यांनी माळावर काढल्या ते कळलं, तर तेवढ्या रात्रींची ती नोंद आहे. माझ्या अकरा वर्षांत मी एकही रात्र माळावर काढलेली नाही.

---

बेडूकमित्र | बुधवार, सकाळी ८:१०

ही नोंद माझ्या सगळ्या अटी पुऱ्या करते. ऋतू, वेळ, कष्ट, सगळं आहे तिच्यात.

---

दादर_ज्वारी | रविवार, सकाळी १०:०५

मामांचं विचारलं. दिवाळीनंतर सव्वीस रात्री एका साली, एकतीस दुसऱ्या साली. कुत्री चार.

आणि आज आम्ही दोघं, मी आणि पुतण्या, तुमच्या पद्धतीने आमच्या गायरानावरून चाललो. त्याच्या शाळेच्या वहीत लिहिलंय, तसंच टाकतो.

सकाळी ६:२० ते ८:४०. वारा थोडा, ढग नाहीत. माणसं दोन. माळटिटवी ४. ससा १. काळवीट ०. खोकड दिसलं नाही, पण बीळ १, तोंडाशी ताजी माती. धाविक ०. तणमोर ०. लांडगा ०. माळढोक ०.